नावावरची पट्टी

आमच्या सरांच्या घरात एकाही वस्तूला नाव नव्हतं. कंपनीनं दिलेलं असायचं, पण सर ते राहू देत नसत. पंखा, मिक्सर, रेडिओ, गॅसची शेगडी, भिंतीवरचं घड्याळ, जिथे म्हणून नाव छापलेलं असेल तिथे काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी. फ्रिजच्या दारावरची पट्टी तर इतकी सरळ होती की पाहुण्यांना ती कंपनीनंच लावलेली वाटे. चहा-साखरेचे डबे एकजात कोरे. बाजारातून आणलेल्या बाटलीचं लेबल सर आधी वाफेवर धरत आणि मग नखाच्या कडेनं एका दमात सोलून काढत. लेबल मध्येच फाटलं तर तो सगळा दिवस ते कुणाशी धड बोलत नसत.

"नाव दिसलं की जीभ खोटं बोलते," ते म्हणायचे. "आधी चव घे. नाव मागनं विचार."

औषधांच्या पाकिटांना मात्र काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांना हात लावू दिला नाही. "त्याला पट्टी लावली तर मी माहेरी जाईन," हे एकच वाक्य पुरलं. काकूंचं माहेर खोडाळ्याचं, एसटीनं जाऊन येण्यासारखं, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती.

सर जव्हारला आम्हाला विज्ञान शिकवायचे. पेपर तपासताना नावाचा कोपरा दुमडून त्यावर स्टेपलर मारायचे. सगळे पेपर तपासून झाले की भर वर्गात एकेक कोपरा उघडायचा आणि स्वतःच चकित व्हायचं. ज्याला हुशार समजत होतो तो नापास, आणि मागच्या बाकावरची गप्प पोरगी पहिली. हे झालं की सरांना केवढा आनंद होई. हुशार पोरगाच पहिला आला तर मात्र ते जरा हिरमुसत, आणि हे आम्हा सगळ्यांना कळायचं. आता ते मुलाकडे नाशिकला राहतात. मी सांगतेय ते दिवस त्याआधीचे. नुकते निवृत्त झाले होते, वेळ भरपूर, आणि प्रयोग करायला हाताशी वर्ग नाही. त्या वेळी मी सापडले.

मी जामसरची. ठाण्याला ॲनिमेशन शिकले आणि तिथल्याच एका स्टुडिओत लागले. काम आवडायचं. ठाणं काही आवडलं नाही. एका खोलीत आम्ही पाच मुली, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, आणि मी दिवसभर पडद्यावर झाडं काढत बसायची. शेवटी वाटलं, झाडं काढायची तर ती जिथे आहेत तिथे बसून का काढू नयेत. संगणक, वीज आणि नेट एवढंच तर लागतं. जामसरला विजेचा भरवसा नव्हता, म्हणून मी जव्हारला जागा शोधायला लागले, तर सर म्हणाले, "आमची पुढची खोली रिकामीच हाय. भाडं काकूंना विचार, मला त्यातलं कळत नाय." अशी मी सरांच्या पुढच्या खोलीत आले. घरून काम मिळालं तर इथे राहणार, नाही मिळालं तर परत ठाण्याच्या त्या खोलीत. माझं सगळं त्यावरच होतं.

सरांचं मूळ गाव मोखाड्याकडचं, बोहाडा होणारं. देवादिकांचे मुखवटे लावून माणसं संबळ-सनईवर नाचतात, त्याला आमच्याकडे सोंग म्हणतात. मी एका वर्षी सरांबरोबर तिथे गेले होते. मोठं सोंग आलं की सगळं गाव मुखवट्याकडे बघायला माना उंचावतं. सर तेवढे मान खाली घालून पायांकडे बघत बसलेले. पावलावरून त्यांना आतला माणूस ओळखू येई. पण नाव घेत नसत. सोंग अंगावर आहे तोवर आतल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, ही त्यांच्या गावची रीत.

"सर, हा कोण?" मी विचारलं.

"मारुती."

"तसं नाही. आत कोण आहे?"

"मारुतीच."

सकाळी मुखवटे उतरल्यावर चहाच्या टपरीवर एक उंचसा माणूस आला. सर त्याला म्हणाले, "डावा पाय जपून टाकत होतास. काय लागलंय?" त्या माणसानं पँट वर करून घोटा दाखवला. सुजला होता. मला वाटतं सरांचं ते पट्ट्यांचं वेड तिथूनच आलं असावं, पण तसं विचारलं तर ते म्हणाले की नाही, एका भिकार बॉलपेनमुळे आलं, आणि पुढे काही सांगितलं नाही.

हे वेड सगळीकडे एकसारखं चालायचं असंही नाही. जव्हारजवळच्या शिरपामाळला फिरायला येणाऱ्या लोकांची ते चेष्टा करायचे. महाराज तिथे थांबले होते म्हणून लोक गाड्या काढून येतात, वारा तर शेजारच्या माळावरही तोच आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि रोज संध्याकाळी स्वतः शिरपामाळलाच जाऊन बसायचे. काकूंनी एकदा विचारलं, "मग शेजारच्या माळावर का नाय बसत तुम्ही?" सरांनी चपला घातल्या आणि शिरपामाळला गेले.

काकूंवरही प्रयोग व्हायचे. काकूंच्या बचत गटातल्या बायकांचे नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड मुंबईच्या प्रदर्शनात रंगीत पाकिटातून विकले जात आणि खोडाळ्याच्या बाजारात सुटे. सरांनी दोन्ही भाजून दोन ताटल्यांत ठेवले, एका ताटलीपाशी रंगीत पाकीट टेकवून. काकूंनी पाकिटाच्या बाजूचा पापड चांगला म्हणून सांगितला. "दोन्ही एकाच पिठाचे, एकाच हातचे," सर जिंकल्यासारखे म्हणाले. काकूंनी पापड संपवला. "माहीत हाय. मीच लाटलेत. पाकिटाकडचा जरा जास्त भाजला होता तुम्ही, म्हणून चांगला."

तर, माझ्या संगणकाला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. पडद्यावरचं चित्र तयार करण्याचं जड काम संगणकातला हा भाग करतो. बाजारात मुख्य नावं दोन. एक कंपनी अशी की तिचं नाव गेम खेळणारी पोरं टी-शर्टवर छापून फिरतात. दुसरीचं नाव काढलं की लोक म्हणतात, "तीही बरी असते म्हणे." मी ठाण्यात पहिलीच वापरलेली, त्यामुळे माझा विचार पक्का होता. सरांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "दोन्ही शेजारी ठेवून बघितलीस?"

"सर, सगळे हीच घेतात."

"सगळे मायाजालावर काय काय लिहितात तेही घेतेस का?"

दुसऱ्या दिवशी सर माझ्याबरोबर नाशिकच्या एसटीत होते. पिशवीत माझा पेनड्राइव्ह, काकूंनी दिलेल्या दशम्या, आणि त्यांचा एक पंचा व एक जुनी शाल. शाल कशाला, हे मी उन्हाळ्यात विचारायला हवं होतं. दुकानात गेल्यावर कळलं. सरांनी दुकानदाराला गोड बोलून दोन संगणक शेजारी मांडायला लावले, एकात हे कार्ड, दुसऱ्यात ते, दोन्ही साधारण एकाच किमतीची. मग आम्ही दोघांनी तोंड फिरवलं आणि सरांनी दुकानदाराकडून डब्यांच्या जागा हव्या तशा बदलून एकावर पंचा आणि दुसऱ्यावर शाल घालून घेतली. हवा जायला मागची बाजू तेवढी उघडी.

"काका, मी सांगतो ना," दुकानदार म्हणाला. "लोक डोळे झाकून हे नेतात."

"म्हणून तर मी डबे झाकतोय," सर म्हणाले. "डोळे उघडे राहू देत."

मी माझी दोन दृश्यं लावली. पहिलं हलकं होतं, एक घर आणि एक म्हैस. पंचावाला संगणक भराभर पुढे गेला. सर माझ्या कानाशी आले. "हेच बघ ते. बिचारं बिननावाचं. नाववाल्याला कसं मागं टाकलं." त्यांनी टाळीसुद्धा वाजवली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली.

मग दुसरं दृश्य. ते माझं खरं काम होतं: आमच्याकडचा डोंगर, त्यावर सागाचं जंगल, पान न् पान वेगळं. असं दृश्य तयार होताना कार्डाला सगळा पसारा एकदम मांडून बसायला जागा लागते, तिला मेमरी म्हणतात. पंचावाल्यानं अर्ध्यात मान टाकली. जागा पुरत नाही असा निरोप पडद्यावर आला. शालवाला सावकाश, कुरकुरत चालत राहिला, आणि त्यानं जंगल पुरं केलं. पंचा आणि शाल काढली तेव्हा टाळी घेतलेला पंचावाला नामवंत निघाला. त्या किमतीत त्याच्याकडे मेमरी कमी मिळत होती, आणि दुसऱ्याकडे जास्त. दुकानदार हसायला लागला.

सर बराच वेळ शालीची घडी घालत होते. एसटीत त्र्यंबक मागे पडल्यावर म्हणाले, "मीही नावालाच भुललो की. फक्त उलट्या बाजूनं." मग म्हणाले, "गेम खेळणाऱ्या पोराला मी आज पंचावालं घ्यायला सांगितलं असतं. तुला मात्र शालीतलंच." मी शालीतलंच घेतलं होतं, ते मांडीवरच्या खोक्यात होतं. सरांनी वाटेत खोक्यावरच्या नावाला हात लावला नाही, ही त्यांची त्या दिवसाची हार मानण्याची पद्धत असावी.

कार्डानं चांगलं काम केलं. स्टुडिओला मी नमुन्याची दृश्यं पाठवत गेले, त्यांना ती आवडत गेली, आणि शेवटी तिथल्या मॅडमचा फोन आला. कायमचं काम द्यायचा विचार आहे. एका गोष्टमालिकेतलं सगळं जंगल तू करायचंस. पण मालकांची अट असते, बाहेरून काम करणाऱ्यांकडे त्या नामवंत कंपनीचंच कार्ड हवं. "तुझ्याकडे तेच असेल म्हणा. शनिवारी आम्ही जव्हारला फिरायला येतोय, तेव्हा सगळी व्यवस्था बघून जाते." मी काही बोलायच्या आत रेंज गेली. परत लावला तर लागेना.

मी सरांना सांगितलं. ते अगदी शांत होते. "मेसेज करू नको. आली की आधी काम दाखव. कार्डाचं नाव मागनं सांग. एवढी वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" मला ते पटलं. पण शुक्रवारी मागच्या पडवीत काकूंशी बोलता बोलता मला रडू आलं. मी म्हटलं, काम गेलं तर मला परत जावं लागेल, आणि काकू, मला नाही जायचं. तिथे भिंतीशिवाय काही दिसत नाही. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सर आत पेपर वाचत बसले होते. पेपराचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

त्या रात्री मी घरी गेले. शनिवारी मी जामसरहून यायला आणि मॅडमची गाडी दारात थांबायला एकच गाठ पडली. नवरा आणि मुलं गाडीतूनच राजवाडा बघायला पुढे गेली आणि मॅडम माझ्याबरोबर आत आल्या. काकूंनी पाणी दिलं. मी संगणकाचं बटण दाबायला वाकले आणि तशीच थांबले. डब्याच्या दर्शनी भागावर त्या नामवंत कंपनीचं स्टिकर होतं. झकास, अगदी काटकोनात, एकही सुरकुती नाही. अशा सफाईनं लेबल सोडवणारा आणि चिकटवणारा हात आख्ख्या जव्हारमध्ये एकच होता. मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

"हे बरं केलंस," मॅडम स्टिकरकडे बघून म्हणाल्या. "मालकांची एक कटकट मिटली."

मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. सर मागोमाग आले.

"सर, हे काय केलंत?"

"स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे एक मेलेला संगणक होता. त्याच्यावरचं आणलं."

"कुठून आणलं ते नाही विचारत मी. का?"

"सोंग हाय ते," सर हळूच म्हणाले. "ती जाईपर्यंत नाव घ्यायचं नाय."

"तुम्ही? तुम्ही नाव चिकटवलंत?"

"मग काय तुला त्या भितीकडं पाठवू परत?" भिंतीला ते भित म्हणायचे. एवढं बोलून ते कपबशा मांडायला लागले. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो तोवर मॅडमनी स्वतःच जंगलाचं दृश्य लावलं होतं. त्यांना काम कळत होतं. त्यांनी दृश्य हवं तसं फिरवलं, पानं वाढवली, आणखी वाढवली, ऊन तिरकं केलं. संगणक कुरकुरला, पण थांबला नाही. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "अगं, काय जंगल केलंयस. आणि एवढं जड दृश्य चालतंय. म्हणून मालक याच कंपनीचा आग्रह धरतात. दुसऱ्या कुणाला हे झेपलं नसतं."

सरांनी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या प्रयोगाची वाट बघितली तो त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता. नाव वाचून डोळे फसले होते, तेही जाणत्या माणसाचे, आणि पुरावा कार्डाच्या रूपानं डब्यात चालू होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. काकूंनी त्यांच्या हातात बिस्किटांची बशी दिली. सरांनी तोंड मिटलं.

"सर, तुम्ही तर विज्ञानाचे," मॅडम त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "तुम्हाला पटेल. नावात काहीतरी असतंच ना?"

"असतं," सर म्हणाले, आणि बशी पुढे केली. "बिस्किट घ्या."

मॅडमनी काम देऊन टाकलं. सोमवारपासून सुरू कर, बाकीचं मेलवर पाठवते, म्हणाल्या. मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. गाडी अजून यायची होती. माझ्या मनासारखं झालं होतं. पण हे काम मी रोज त्या स्टिकरसमोर बसून करणार, आणि आत सर रोज गप्प बसणार, हे मला झेपेना.

"मॅडम," मी म्हटलं, "ते स्टिकर खरं नाही. सकाळी मलाही माहीत नव्हतं. आतलं कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे. तुम्ही बघितलंत ते जंगल त्याच्यावरच झालंय." आणि मग, विचारतील म्हणून, कोणी लावलं आणि का लावलं तेही सांगितलं. नाशिकच्या शालीसकट.

मॅडम ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी कडक झाला. एकदा त्यांनी घराकडे वळून बघितलं. खिडकीत सरांचं डोकं दिसत होतं, ते लगेच खाली गेलं.

"आणि मी आत बसून त्या कंपनीची आरती ओवाळत होते," त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या. "ते बिचारे बिस्किट घ्या म्हणाले."

"काम..." मी म्हटलं.

"जंगल मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय ना. सोमवारी सुरू कर." गाडी आली तशी त्यांनी दार उघडलं. "मालकांना मी आधी दृश्य दाखवते. कार्डाचं नंतर सांगेन. आणि ते स्टिकर काढून टाक, पुढच्या वेळी आले तर मला नको दिसायला."

मी परत आले तेव्हा सर ओट्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर.

"एवढा वेळ काय बोलत होतात?"

"मी त्यांना सांगितलं, सर. कार्डाचं."

सरांनी डोळे मिटले. "काम गेलं मग."

"नाही. सोमवारपासून सुरू."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सर माझ्याकडे बघत राहिले, वर्गात एखादं न पटणारं उत्तर आलं की बघायचे तसे. "नाव खोटं हाय कळल्यावरपण हो म्हणाली?"

"हो."

"मग माझा प्रयोग फसला," सर म्हणाले. प्रयोग फसला म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, उठले, आणि माझ्या खोलीकडे चालायला लागले.

"चल, ते जंगल परत लाव. मघाशी मी बघितलंच नाय. सगळा वेळ तिच्या तोंडाकडंच बघत होतो."